मे महिन्यातल्या बॉइंक पेंटॅथलॉनसाठी घरचे कॉम्प्युटर कसे तयार करावेत

बॉइंक हे सॉफ्टवेअर घरच्या कॉम्प्युटरची मोकळी ताकद विज्ञानाच्या प्रकल्पांना देतं. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ते तयार झालं. ते वापरणाऱ्या संघांची सर्वांत चुरशीची स्पर्धा म्हणजे पेंटॅथलॉन. जर्मनीतला सेटी.जर्मनी हा संघ २०१० पासून ती दर मे महिन्यात भरवतो. तिच्यात पाच शर्यती असतात. त्यांपैकी मॅरेथॉन पूर्ण १४ दिवस चालते, सिटी रन आणि क्रॉस कंट्री प्रत्येकी ५ दिवस आणि स्प्रिंट ३ दिवस. प्रत्येक शर्यतीसाठी वेगळा प्रकल्प असतो आणि त्याचं नाव सुरुवातीच्या थोडे दिवस आधीच कळतं.

म्हणून तयारी एप्रिलमध्येच उरकावी लागते. इथे गुण मिळतात ते प्रकल्पाच्या सर्व्हरने तपासून बरोबर ठरवलेल्या उत्तरांना, आणि तेही मुदतीत पोचलेल्या. एक टास्क (प्रकल्पाने पाठवलेला कामाचा एक तुकडा) चार टक्के लवकर संपवणाऱ्या मशीनपेक्षा चौदा दिवस न थांबता बरोबर उत्तरं देणारं मशीन संघाच्या जास्त उपयोगी पडतं. खालची सगळी तयारी त्यासाठीच आहे.

उष्णता आणि वीज

युरोपातल्या संघांना मे महिना सुखाचा जातो. आपल्याकडे नागपूर, अकोला, जळगाव या भागांत त्याच दिवसांत पारा ४२ च्या वर असतो. डिसेंबरमध्ये पूर्ण भारावर ७० अंशांवर राहणारा प्रोसेसर मे महिन्यात त्याच भाराला ८५-९० अंशांवर जातो, कारण आत येणारी हवाच पंधरा अंशांनी गरम असते. प्रोसेसर मर्यादेला टेकला की स्वतःच वेग कमी करतो. तो जळत नाही, पण वीज खाऊन काम कमी देतो.

आधी कॅबिनेट उघडून धूळ काढा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भरधाव फिरून त्याचं बेअरिंग खराब होतं. हीटसिंकच्या पात्यांमध्ये, पंख्याच्या मागे, धुळीचा नमद्यासारखा थर बसतो. वरून सगळं स्वच्छ दिसतं, म्हणून पंखा सोडवूनच पाहा. थर्मल पेस्ट तीन-चार वर्षांची असेल तर पुसून वाटाण्याच्या दाण्याएवढी नवी लावा. एवढ्याने तापमान ठळकपणे उतरतं.

मग विजेची मर्यादा घाला. इंटेलच्या प्रोसेसरवर बायॉसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) लाँग ड्युरेशन पॉवर लिमिट ६५ वॅट करा, एएमडीच्या रायझनवर इको मोड निवडा. बायॉसमध्ये हात घालायचा नसेल तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० ऐवजी ९९ टक्के करा. या एका टक्क्याने टर्बो बूस्ट (प्रोसेसरने स्वतः वाढवलेला जादा वेग) बंद होतो आणि तापमान झपकन खाली येतं. काही लॅपटॉपवर हा पर्याय लपवलेला असतो. ग्राफिक्स कार्डची पॉवर लिमिट ७० ते ८० टक्क्यांवर आणा. बहुतेक कार्डांवर काम थोडंसंच घटतं, वीज आणि आवाज मात्र खूप उतरतात. प्रोसेसर ८५ आणि ग्राफिक्स कार्ड ८० अंशांच्या आत राहिलं की पुरे.

बॉइंकमध्ये 'यूझ ॲट मोस्ट ... पर्सेंट ऑफ सीपीयू टाइम' अशी एक सेटिंग आहे. मशीन तापतंय म्हणून बरेच जण ती ५० करतात. तसं केलं की बॉइंक टास्क क्षणभर चालवतं, क्षणभर थांबवतं, आणि पंखा सारखा वरखाली होत राहतो. ती १०० वरच ठेवा. कमी करायची ती त्याच्या वरची, किती टक्के कोअर वापरायचे ती.

आता बिलाचा हिशेब. भिंतीपाशी मोजल्यावर ३०० वॅट ओढणारा कॉम्प्युटर १४ दिवस अखंड चालला तर ०.३ × २४ × १४ म्हणजे साधारण १०१ युनिटं जळतात. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्पे बदलतात. तुमचं नेहमीचं बिल २५० युनिटांचं असेल तर या शंभरातली पन्नासेक वरच्या टप्प्यात जातील आणि महागात पडतील. शिवाय ते ३०० वॅट उष्णता बनून खोलीतच राहतात. छताचा पंखा ती फक्त फिरवतो, बाहेर काढत नाही. एग्झॉस्ट फॅन असलेली खोली निवडा किंवा रात्री समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा. एसी लावणार असाल तर त्याचीही वीज हिशेबात धरा.

मे महिन्यात वळवाचा पाऊस येतो आणि वीज जाते. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. ग्राफिक्स कार्ड पूर्ण भारावर असेल तर तो वीज जाताक्षणी ट्रिप होईल. कॉम्प्युटर भारावर असतानाच यूपीएसचा प्लग काढून एकदा परीक्षा घ्या. चार मिनिटं टिकला तरी खूप, तेवढ्यात नीट बंद करता येतं. वीज गेली की शेवटच्या चेकपॉइंटनंतरचं (डिस्कवर शेवटचं जपलं गेल्यानंतरचं) काम वाया जातं, आणि व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा आभासी कॉम्प्युटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) चालणारी टास्क तर अनेकदा पूर्णच बिघडतात. विजांचा कडकडाट सुरू झाला तर मशीन बंद करून प्लग आणि राउटरची केबल काढा. दोन तासांच्या गुणांपेक्षा मदरबोर्ड महत्त्वाचा.

घरी कोणी नसताना वीज जाऊन परत येत असेल तर बायॉसमधली 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' ही सेटिंग 'पॉवर ऑन' करा. पण विंडोज पासवर्डच्या पडद्यावर थांबलं तर बॉइंकही सुरू होत नाही. बॉइंक सर्व्हिस म्हणून (विंडोजबरोबर पडद्यामागे आपोआप सुरू होणारा प्रोग्राम म्हणून) बसवलं तर लॉगिनशिवाय चालतं, मात्र विंडोजवर तसं बसवल्यास ते ग्राफिक्स कार्ड वापरू शकत नाही. ज्या मशीनला कार्ड नाही तिथेच हा मार्ग घ्या.

सॉफ्टवेअरची मांडणी

बॉइंक मॅनेजर ॲडव्हान्स्ड व्ह्यूमध्ये उघडा. ऑप्शन्समधल्या कम्प्युटिंग प्रेफरन्सेसमध्ये या गोष्टी पाहा. 'सस्पेंड व्हेन कॉम्प्युटर इज इन यूझ' बंद. 'नॉन-बॉइंक सीपीयू यूसेज' किती झाल्यावर थांबायचं तो आकडा ० म्हणजे बंद, नाहीतर अँटिव्हायरसचं स्कॅन सुरू झालं की सगळं काम थांबतं. 'लीव्ह नॉन-जीपीयू टास्क्स इन मेमरी' चालू. डिस्कसाठी निदान २० जीबी मोकळी सोडा.

रॅमचा हिशेब प्रकल्पाप्रमाणे बदलतो. मूळ संख्या शोधणाऱ्या प्राइमग्रिडला फार लागत नाही. प्रथिनांच्या रचनेवरच्या रोझेटाची काही टास्क एकेकटी एक-दीड जीबी घेतात, म्हणजे १६ थ्रेड (प्रोसेसर एकाच वेळी चालवू शकतो तेवढी कामं) आणि १६ जीबी रॅम असेल तर सगळे थ्रेड भरणारच नाहीत, काही टास्क 'वेटिंग फॉर मेमरी' म्हणून बसून राहतील. सर्नच्या एलएचसी प्रकल्पाची बरीच टास्क व्हर्च्युअलबॉक्स मागतात. त्यासाठी बायॉसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू हवं. हे स्पर्धेच्या आदल्या रात्री लक्षात येणं फार महागात पडतं.

प्राइमग्रिडसारख्या मोठ्या अंकांच्या प्रकल्पात सगळे थ्रेड भरणं उलट घातक ठरतं. तिथला वेग प्रोसेसरच्या एल-थ्री कॅशवर (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या, वेगवान मेमरीवर) अवलंबून असतो. टास्कच्या नोंदीत एफएफटीची (मोठ्या संख्यांचा गुणाकार झटपट करण्याच्या गणिती पद्धतीची) लांबी दिलेली असते. ती हजारांच्या एककात असते, तिला ८ ने गुणून १०२४ ने भागलं की एका टास्कला किती एमबी कॅश लागेल ते कळतं. लांबी १०२४ हजार असेल तर ८ एमबी. तुमच्या प्रोसेसरची एल-थ्री ३२ एमबी असेल तर अशी जास्तीत जास्त चार टास्क एका वेळी चालवा, आणि प्रत्येकीला जास्त थ्रेड द्या. कॅश ओलांडली की सगळा भार रॅमवर येतो आणि आठ टास्क मिळून चार टास्कपेक्षा कमी काम करतात. एका टास्कला किती थ्रेड हे प्राइमग्रिडच्या संकेतस्थळावर तुमच्या खात्याच्या सेटिंगमध्ये ठरवता येतं. या कामात हायपरथ्रेडिंगचा (एका कोअरवर दोन थ्रेड चालवण्याचा) फायदा सहसा मिळत नाही, म्हणून कोअर वापराची टक्केवारी ५० ठेवून आधी मोजून पाहा. रॅमच्या दोन कांड्या असणं इथे चांगलंच जाणवतं. एकच कांडी असेल तर तिच्याच क्षमतेची आणि वेगाची दुसरी घाला.

ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर एनव्हिडिया किंवा एएमडीच्या संकेतस्थळावरूनच घ्या. विंडोज अपडेटने आपोआप बसवलेल्या ड्रायव्हरमध्ये कधीकधी ओपनसीएल (कार्डकडून गणितं करून घेण्याची सोय) नसतं, आणि मग टास्क येतच नाहीत. बॉइंक सुरू झाल्यावर टूल्समधला इव्हेंट लॉग उघडा. पहिल्या पंधरा-वीस ओळींत कार्डचं नाव ओपनसीएलसह दिसलं पाहिजे. प्रत्येक कार्डामागे एक थ्रेड मोकळा सोडा. तो न सोडल्यास कार्ड कामासाठी ताटकळत राहतं.

विंडोज अपडेट पाच आठवड्यांपर्यंत पुढे ढकलता येतं. ते एप्रिलअखेरीस, सगळे अपडेट बसवून झाल्यावर करा, आणि स्पर्धा संपल्यावर पुन्हा चालू करायला विसरू नका. स्लीप आणि हायबरनेट बंद करा. पडदा बंद झाला तरी चालतो.

ओव्हरक्लॉकिंग काढून टाका. खेळात तीन तास टिकणारी सेटिंग इथे चौथ्या दिवशी चुकीची उत्तरं देऊ शकते, आणि चुकीच्या उत्तराला शून्य गुण. मांडणी झाल्यावर दुपारच्या उन्हासकट पूर्ण २४ तास भार देऊन पाहा. मग प्रकल्पाच्या संकेतस्थळावर आपल्या टास्कची यादी उघडा. 'इनव्हॅलिड' किंवा 'एरर' खाली काही दिसलं तर आधी रॅमचा वेग मूळ पातळीवर आणा, मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर चालवा, मग विजेची मर्यादा आणखी खाली घ्या.

लॅपटॉप चालवायचाच असेल तर मागची कड दोन इंच उचलून, निम्म्या कोअरवर आणि बॅटरी चार्जिंग ८० टक्क्यांना थांबवून चालवा. मोबाइल मे महिन्यात यात ओढू नका, बॅटरी फुगते. ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या मशीनवर लेखी परवानगीशिवाय बॉइंक बसवू नका.

खाती आणि संघ

नाव जाहीर होण्याची वाट पाहू नका. आइन्स्टाइन, प्राइमग्रिड, रोझेटा, वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड, नंबरफील्ड्स, ॲस्टेरॉइड्स अशा प्रकल्पांत एकाच ईमेलने खाती काढून ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी आपला संघ निवडा. गुण मिळतात त्या वेळी तुम्ही ज्या संघात असता त्याच संघाला ते जातात. आधी काम करून नंतर संघात आलात तर आधीचे गुण येत नाहीत.

बंकर भरणे

पेंटॅथलॉनमध्ये गुण मोजले जातात ते उत्तर पोचून तपासलं गेल्यावर. त्यामुळे नाव जाहीर झाल्यापासून शर्यत सुरू होईपर्यंत टास्क उतरवून, पूर्ण करून, पण परत न पाठवता साठवता येतात. याला बंकर म्हणतात आणि ही इथे सर्वमान्य खेळी आहे. सगळ्या स्पर्धांत मात्र ती चालत नाही. प्राइमग्रिडच्या स्वतःच्या चॅलेंजमध्ये सुरुवातीनंतर घेतलेली आणि शेवटाआधी परत केलेली टास्कच मोजतात.

आधी साठा, म्हणजे 'स्टोअर ॲट लीस्ट' ही सेटिंग, ०.१ दिवस ठेवून थोडीच टास्क घ्या. नव्या प्रकल्पात बॉइंकचा वेळेचा अंदाज सपशेल चुकतो, दहाएक टास्क तपासून झाल्यावर तो जागेवर येतो. सुरुवातीलाच तीन दिवसांचा साठा मागितला तर कधी दहा दिवसांचं काम अंगावर पडतं. अंदाज बसला की 'स्टोअर ॲट लीस्ट' २ किंवा ३ दिवस करा, पुढचा 'अप टू ॲन ॲडिशनल' ०.०१, आणि अपडेट दाबा. टास्क उतरल्या की ॲक्टिव्हिटी मेनूतून नेटवर्क सस्पेंड करा. हे विसरलात तर पूर्ण झालेलं प्रत्येक उत्तर त्याच क्षणी अपलोड होऊन जाईल. नेटवर्क बंद केल्यावर त्या मशीनवरच्या सगळ्याच प्रकल्पांची देवाणघेवाण थांबते, म्हणून बंकरच्या मशीनवर दुसरी शर्यत लावू नका.

प्रत्येक टास्कची डेडलाइन शर्यत सुरू होण्याच्या पुढची आहे ना, हे नक्की तपासा. जी टास्क वेळेत होणार नाहीत ती स्वतः ॲबॉर्ट करा, म्हणजे सर्व्हर ती लगेच दुसऱ्याला देतो. तशीच सोडली तर प्रकल्पाचं काम दिवसेंदिवस अडकतं, आणि शेवटी हे सगळं त्या विज्ञानासाठीच चाललं आहे.

स्पर्धेचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतं. यूटीसीची मध्यरात्र म्हणजे आपली पहाटेची साडेपाच. शर्यत ५ तारखेला सुरू होणार असेल तर ४ तारखेच्या रात्री बंकर सोडलात तर तो फुकट गेला. ५ तारखेला पहाटे ५.३५ नंतर नेटवर्क चालू करा. त्या तासाला जगभरचे बंकर एकदम फुटतात आणि सर्व्हर गुदमरतात. अपलोड अडकले तर ट्रान्स्फर्समध्ये 'रिट्राय नाउ' अधूनमधून दाबा. अपलोड झालेली टास्क 'रेडी टू रिपोर्ट' दाखवेल, तेव्हा प्रोजेक्ट्समध्ये अपडेट दाबल्याशिवाय ती सर्व्हरच्या हिशेबात लगेच येत नाही. कोअरच्या संख्येच्या दुपटीहून जास्त अपलोड खोळंबलेले असतील तर बॉइंक नवं काम मागत नाही, तो बिघाड नाही.

शेवटाकडेही तेवढंच लक्ष हवं. अनेक प्रकल्पांत एकच टास्क दोन वेगळ्या मशीनना देतात आणि दोन्ही उत्तरं जुळल्यावरच गुण मिळतात. तुमचं उत्तर शेवटच्या तासाला पोचलं आणि जोडीदाराचं यायचं असेल तर ते गुण स्पर्धेनंतर पडतील. म्हणून शेवटच्या दीड-दोन दिवसांत साठा पुन्हा ०.१ वर आणा आणि उत्तरं होतील तशी पाठवत राहा. स्पर्धा १९ तारखेला संपत असेल तर आपल्यासाठी १८ ची रात्र हीच शेवटची. झोपण्यापूर्वी ट्रान्स्फर्स रिकामं आहे का ते बघून घ्या.