जुन्या संगणकावर शेतकरी गटाची नोंद ठेवताना या चुका टाळा

सभासदांची नावे, पेरा, बियाणे आणि उधारी यांची नोंद ठेवण्यासाठी गावपातळीवरील शेतकरी गटाला महागडी प्रणाली लागत नाही. विंडोज ७ असलेला जुना संगणक आणि मायक्रोसॉफ्ट ॲक्सेससारखा साधा डेटाबेस (तक्त्यांत नोंदी साठवणारी प्रणाली) एवढ्यावर हे काम उत्तम चालते. विंडोज ७ ची सुरक्षा अद्यतने १४ जानेवारी २०२० रोजी थांबली असल्याने असा संगणक इंटरनेटला जोडू नये, इतके पथ्य मात्र पाळावे. ॲक्सेसच्या एका फाइलची मर्यादा २ जीबी आहे आणि काही हजार सभासदांच्या लेखी नोंदी त्या मर्यादेच्या जवळही जात नाहीत. ‘संगणक जुना झाला’ म्हणून केल्या जाणाऱ्या बहुतेक तक्रारींचे मूळ रकान्यांच्या आखणीत, तारखेच्या मांडणीत किंवा फाइल बंद करण्याच्या सवयीत सापडते, असे माझे ठाम मत आहे.

रकान्यांची आखणी

सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे जिथे अंक दिसतात तो प्रत्येक रकाना संख्येचा करणे. ॲक्सेसमध्ये संख्येचा रकाना केला की तो सहसा ‘लाँग इंटिजर’ प्रकारचा होतो आणि त्यात २,१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठी संख्या बसत नाही. आपले मोबाईल क्रमांक दहा अंकी असून ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे त्यांतील एकही क्रमांक या रकान्यात मावत नाही. मग कोणीतरी प्रकार बदलून ‘सिंगल’ करतो आणि त्यातून अधिक मोठे नुकसान होते, कारण सिंगलमध्ये सुमारे सातच अंक अचूक राहतात आणि शेवटचे अंक कोणतीही सूचना न देता बदलतात. बँक खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्येही संख्येच्या रकान्यात टिकत नाहीत. ज्या अंकांची कधीही बेरीज करायची नाही, ते सर्व मजकुराच्या रकान्यात ठेवावेत. सात-बारावरील ४५/२ किंवा ४५/२अ असा गट क्रमांक तर दुसऱ्या कोणत्याही प्रकारे नीट राहूच शकत नाही.

याच्या उलट, कपाशीचे क्विंटल आणि उधारीची रक्कम मजकुराच्या रकान्यात भरली, तर क्रम लावताना १० हा आकडा ९ च्या आधी येतो आणि देवनागरी अंकांत भरलेल्या रकमांची बेरीजही होत नाही. रकमेसाठी ‘करन्सी’ हा प्रकार निवडावा आणि हिशेबाचे आकडे इंग्रजी अंकांत भरावेत.

पिकांसाठी पीक-१, पीक-२, पीक-३ असे रकाने एकाच तक्त्यात केले जातात. आपल्याकडे कपाशीत तुरीच्या ओळी असतात, सोयाबीन निघाल्यावर त्याच वावरात हरभरा येतो, आणि मग गटात एकूण तूर किती एकरांवर आहे हे काढण्यासाठी तीन रकाने धुंडाळावे लागतात. सभासदांचा एक तक्ता आणि पेऱ्याचा दुसरा तक्ता करून दोन्ही सभासद क्रमांकाने जोडावेत. पेऱ्याच्या तक्त्यात प्रत्येक पिकाला एक स्वतंत्र ओळ द्यावी. हा सभासद क्रमांक गटाच्या नोंदवहीतलाच असावा. ‘ऑटोनंबर’ने आपोआप पडणाऱ्या क्रमांकांत, अर्धवट सोडलेल्या नोंदींमुळेही, खंड पडतो, म्हणून तो पावती क्रमांक म्हणून कधीही वापरू नये.

गावाचे नाव दर वेळी हाताने टाइप केल्यास ‘बु.’, ‘बुद्रुक’ आणि ‘बु’ ही संगणकासाठी तीन वेगळी गावे ठरतात. गावांचा वेगळा तक्ता करून त्यातून नाव निवडण्याची सोय द्यावी आणि शेजारी तालुकाही नोंदवावा, कारण वडगाव आणि पिंपळगाव अनेक तालुक्यांत आहेत.

तारखा आणि अक्षरे

संगणकाची प्रादेशिक मांडणी (विंडोजमधील ‘रीजन’ सेटिंग) अमेरिकन असेल, तर ०७/०६ अशी भरलेली पेरणीची तारीख ७ जून न राहता ६ जुलै होते. त्याच मांडणीत १५/०६ भरले, तर पंधरावा महिना नसल्याने ॲक्सेस ती मुकाट्याने १५ जून समजतो. त्यामुळे अर्ध्या तारखा बरोबर आणि अर्ध्या चुकीच्या असा गोंधळ तयार होतो, जो वरवर पाहून लक्षात येत नाही. पहिली नोंद भरण्यापूर्वीच मांडणी ‘इंग्लिश (इंडिया)’ करून घ्यावी. नंतर मांडणी बदलली, तरी आधी साठलेल्या तारखा दुरुस्त होत नाहीत. संगणक रोज कित्येक वर्षे मागची तारीख दाखवत असेल, तर मदरबोर्डवरील सीआर२०३२ ही नाण्याच्या आकाराची बॅटरी बदलावी.

जुन्या नोंदी युनिकोडपूर्व फाँटमध्ये असतील, तर त्या आधी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतंत्र संकेत देणाऱ्या पद्धतीत, रूपांतरित कराव्यात, कारण त्या फाँटमध्ये दिसणारे मराठी अक्षर प्रत्यक्षात इंग्रजी चिन्ह म्हणून साठवलेले असते आणि अकारविल्हे क्रम लागतच नाही.

लाईन गेली, फाइल उघडत नाही

मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, धुळीने भरलेला पंखा हवा खेचत नाही आणि संगणक तापून स्वतःच बंद पडतो. पावसाळ्यात वीज अचानक जाते. फाइलमध्ये लिहिणे चालू असताना असे झाले की ती बिघडण्याची शक्यता असते. उन्हाळ्यापूर्वी पंखा साफ करावा आणि निदान फाइल बंद करण्याइतका वेळ देणारा यूपीएस जोडावा. ॲक्सेसऐवजी लिबरऑफिस बेस हा मोफत डेटाबेस वापरणाऱ्यांनी येथे विशेष सावध राहावे. त्याच्या अंतर्गत डेटाबेसमध्ये फॉर्ममध्ये नोंद जतन झाली, तरी मुख्य खिडकीत फाइल जतन केल्याशिवाय ती डिस्कवर पक्की होत नाही, त्यामुळे वीज गेल्यास दिवसभराचे काम जाऊ शकते.

वीज आल्यावर ॲक्सेस ‘फाइल वापरात आहे’ असे सांगत असेल, तर तिच्या शेजारी त्याच नावाची कुलूप-फाइल (मुख्य फाइल उघडी असल्याची खूण म्हणून ॲक्सेस तयार करतो ती) उरली आहे का ते पाहावे. तिचा शेवट एलडीबी किंवा एलएसीसीडीबी असा असतो. ॲक्सेस पूर्ण बंद करून आणि दुसऱ्या कोणत्याही संगणकावर फाइल उघडी नाही याची खात्री करून तेवढी कुलूप-फाइलच काढून टाकावी. ‘अनरेकग्नाइज्ड डेटाबेस फॉरमॅट’ असा संदेश आला, म्हणजे फाइल बिघडलीच असे धरू नये: २००७ नंतरची एसीसीडीबी फाइल ॲक्सेस २००३ मध्ये उघडल्यासही हाच संदेश येतो. खरोखर बिघाड असेल, तर प्रथम आहे त्या अवस्थेतील फाइलची प्रत काढावी आणि मगच ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ ही ॲक्सेसमधील दुरुस्तीची सोय चालवावी, कारण दुरुस्तीत काही नोंदी गळू शकतात.

पेनड्राइव्हवरची फाइल थेट उघडून त्यात काम करू नये. फाइल संगणकावर ठेवावी, ती बंद केल्यावर प्रत काढावी आणि प्रतीच्या नावात वर्ष-महिना-दिवस लिहावा. दोन पेनड्राइव्ह आलटून-पालटून वापरावेत, त्यांतील एक दुसऱ्या घरी ठेवावा आणि अधूनमधून ती प्रत उघडून शेवटच्या नोंदी ताडून पाहाव्यात.

नोंदी नव्या संगणकावर नेण्यासाठी सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) काढताना ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये यूटीएफ-८ ही युनिकोडची मांडणी निवडावी, अन्यथा मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. ही फाइल एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडू नये, कारण १२/४ हा गट क्रमांक तिथे तारीख होऊन बसतो. ‘इम्पोर्ट’ची वाट धरावी आणि गट, खाते व मोबाईल हे तिन्ही रकाने मजकूर म्हणून निवडावेत.