बर्फात गाडी नेण्याआधी: टायर आणि चेन

'गाडी फोर-बाय-फोर आहे, मग कशाला काळजी?' असं सांगणाऱ्याचं अजिबात ऐकू नका. चारही चाकांना ताकद मिळते म्हणून गाडी लवकर उचलते, एवढंच. ब्रेक दाबल्यावर तिला थांबवायचं काम टायरचंच.

नेहमीच्या टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसखाली कडक होऊ लागतं. हिवाळी टायरचं मऊ राहतं. विकत घेताना टायरच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण शोधा. नुसतं 'एम प्लस एस' (M+S, म्हणजे चिखल आणि बर्फ) पुरेसं नाही, कारण ती अक्षरं बर्फावर चाचणी न घेताही छापता येतात. बदलायचे तर चारही बदला. पुढचे दोनच बदलले तर पुढची चाकं रस्ता धरतात आणि वळणावर मागची बाजू सुटते. खाचा ४ मिलिमीटरपेक्षा कमी उरल्या असतील तर तो टायर बर्फात नेऊ नका, मग कायद्यात बसत असला तरी.

पारा ५-६ अंशांनी उतरला की टायरमधली हवा साधारण १ पीएसआयने घटते. म्हणून थंडी पडल्यावर हवा पुन्हा तपासा, तीही गाडी चालवण्याआधी. पकड वाढावी म्हणून मुद्दाम हवा सोडायची युक्ती वाळूत ठीक आहे, बर्फाच्या रस्त्यावर नाही.

बॅटरी तपासून घ्या, कूलंट आणि काचेचं पाणी न गोठणारं भरा.

आता चेन, म्हणजे बर्फात पकड मिळावी म्हणून टायरवर चढवायची साखळी. लोक अडकतात ते इथेच, कारण चेनचं पाकीट पहिल्यांदा उघडलं जातं ते चढावर, अंधारात, बोटं बधिर झाल्यावर. आधी घरी कोरड्या जमिनीवर चेन चढवून बघा. माप टायरवरच्या आकड्यांशी तंतोतंत जुळायला हवं (उदाहरणार्थ २०५/५५ आर १६). त्या मापाला चेन चालते का, हेही गाडीच्या पुस्तकात बघा. काही गाड्यांमध्ये चाकामागे तेवढी जागाच नसते. इंजिनाची ताकद ज्या चाकांना जाते, चेन त्यांनाच. फोर-बाय-फोरसाठी पुस्तक सांगेल तसं.

गाडी रुतायची वाट न बघता, सपाट जागा मिळाली की तिथेच चढवा. हँडब्रेक ओढा. चेन चाकामागून फिरवून आतल्या बाजूची कडी आधी अडकवा. ती दिसत नाही, हाताने चाचपावी लागते, आणि नीट बसली नाही तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. हुकांची टोकं टायरकडे नाही, बाहेरच्या बाजूला हवीत. मग बाहेरची कडी लावून चेन ओढून घ्या. थोडं अंतर हळू चालवा, थांबा आणि पुन्हा आवळा. हे दुसऱ्यांदा आवळणं कंटाळा करून टाळू नका: सैल चेन सुटून ब्रेकचा पाइप तोडू शकते.

चेन लावल्यावर वेग ताशी ५० किलोमीटरच्या आत, पाकिटावर त्याहून कमी लिहिला असेल तर तेवढाच. डांबर दिसू लागलं की काढा. घरी आल्यावर कोमट पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवूनच पिशवीत भरा. रस्त्यावरच्या मिठाने गंज फार लवकर धरतो.