सर्व्हर किती वेळ चालू आहे, हे वेबपेजवर कसं दाखवाल?

पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की ऑफिसातला सर्व्हर यूपीएसवर तग धरतो. बॅटरी संपली की बंद पडतो आणि वीज आल्यावर पुन्हा सुरू करावा लागतो. तो केव्हापासून चालू आहे, हे हिंजवडीत बसलेल्या सहकाऱ्यालाही फोन न करता कळायला हवं.

लिनक्सवर प्रॉक या फोल्डरात अपटाइम (म्हणजे मशीन चालू असण्याचा वेळ) नावाची फाइल असते. तिच्यात दोनच आकडे असतात. पहिला म्हणजे मशीन सुरू झाल्यापासूनचे सेकंद. दुसरा म्हणजे प्रोसेसरचे सगळे कोअर मिळून रिकामे बसले तो वेळ; कोअर अनेक असले तर तो पहिल्यापेक्षा मोठाही निघतो. तो आपल्याला नको. पहिल्याला ८६४०० ने भागा, दिवस मिळतील. बाकीला ३६०० ने भागा, तास. त्यातून उरलेल्याला ६० ने, मिनिटं.

आता हे पेजवर आणायचं. पीएचपीतून (वेबपेज तयार करणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेतून) थेट कमांड चालवायचा सल्ला बरेच जण देतात. मला तो मुळीच पटत नाही. एक आकडा दाखवण्यासाठी वेबपेजला सर्व्हरवर कमांड चालवायची मुभा कशाला? शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे एकच सर्व्हर अनेक जण वापरतात तिथे, ती अनेकदा बंदच असते. त्यापेक्षा क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीत, एक ओळ टाका: दर मिनिटाला छोटी स्क्रिप्ट ती फाइल वाचेल, हिशेब करेल आणि उत्तर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहील. पेजने तेवढंच वाचून दाखवायचं.

नोंद कधी घेतली ती वेळ शेजारी हवीच, नाहीतर क्रॉन बंद पडलं तरी जुना आकडा ताजा वाटत राहील. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर असेल तर साडेपाच तास मिळवून भारतीय वेळ लिहा. डॉकरच्या कंटेनरमधून (एकाच मशीनवर प्रोग्रॅम वेगळा ठेवून चालवायच्या कप्प्यातून) वाचत असाल, तर सहसा मूळ मशीनचा अपटाइम दिसतो, कंटेनरचा नाही.

पेज त्याच सर्व्हरवर ठेवलं तर सर्व्हर बंद पडताच तेही दिसेनासं होणार. म्हणून टेक्स्ट फाइल दुसऱ्या मशीनवर पाठवा, पेज तिथे ठेवा आणि नोंद ५ मिनिटांहून जुनी झाली की आकडा लाल करा. पेजला पासवर्डही लावा. कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) अपडेट बहुधा रीस्टार्टनंतरच लागू होतात, त्यामुळे वर्षभराचा अपटाइम पाहून हल्लेखोराला जुन्या त्रुटींचा अंदाज येतो.