डे-केअर सर्जरी सेंटर चालवताय? टेबल रिकामं ठेवणाऱ्या या चुका टाळा

डे-केअर सेंटरचा, म्हणजे शस्त्रक्रिया करून त्याच दिवशी घरी सोडणाऱ्या केंद्राचा, हिशेब बिघडला की मालक मंडळी दोनच गोष्टी तपासतात: केसेस किती झाल्या आणि दर काय लावला. ऑपरेशनचं टेबल किती वेळ रिकामं होतं, हे कुणी विचारत नाही. मोठ्या रुग्णालयात एखादी केस रद्द झाली तरी वॉर्ड, आयसीयू आणि तपासण्यांचं उत्पन्न येत राहतं. इथे ओटी (ऑपरेशन थिएटर) चालू असेल तेवढीच कमाई. पगार, भाडं आणि मशिनचे हप्ते मात्र टेबल रिकामं असलं तरी चालूच. आज वाया गेलेला तास उद्या विकता येत नाही.

ऐनवेळी केस रद्द होते

सगळ्यात महागडी चूक हीच, आणि ती ओटीत नाही, फोनवर होते. आदल्या संध्याकाळी रिसेप्शनवरून फोन जातो, ‘उद्या सातला उपाशीपोटी या’, आणि काम संपलं. सकाळी कळतं की पेशंट दूध पिऊन आलाय, किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालूच आहे, किंवा परत घरी न्यायला सोबत कुणीच नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा प्रश्न आदल्या दिवशी सुटूच शकत नाही. त्यातली वॉरफरिन ही गोळी थांबवायची ठरली तर साधारण ५ दिवस आधी थांबवावी लागते, आणि थांबवायचं की नाही हे डॉक्टरच ठरवणार. म्हणून हा प्रश्न केस बुक करतानाच विचारा. त्यानंतर तीन-चार दिवस आधी नर्सने सविस्तर फोन करावा. त्या वेळी केस गळली तर तिच्या जागी दुसरी बसवता येते. आदल्या संध्याकाळचा फोन फक्त आठवणीपुरता.

फोनवर सूचना वाचून दाखवू नका, पेशंटलाच विचारा: ‘कधीपासून काय बंद करायचं, ते मला सांगा बघू.’ उत्तर चुकलं तर तिथेच सापडतं. ‘रात्री बारानंतर काही नको’ हा सरसकट नियमही सोडून द्या. सर्वसाधारण नियम असा: हलकं खाणं आणि दूध ६ तास आधी बंद, तेलकट-जड जेवण ८ तास आधी, साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. दुपारी दोनच्या पेशंटला मध्यरात्रीपासून कोरडं ठेवलं तर तो चिडलेला आणि गळून गेलेला येतो, आणि सुई टोचायला शीरही पटकन सापडत नाही.

रद्द केसेसच्या वहीत ‘पेशंटमुळे’ हा शेरा बंद करा. त्याच्याआड निम्म्या वेळा आपलीच चूक लपलेली असते.

दिवसाच्या केसेसची लिस्ट संध्याकाळपर्यंत संपत नाही

थोडं गणित करू. ८ तास म्हणजे ४८० मिनिटं. ४५ मिनिटांच्या ६ केसेस, म्हणजे २७०. मधल्या ५ अदलाबदली (एक पेशंट बाहेर नेऊन पुढच्यासाठी ओटी तयार करणं) प्रत्येकी ३० मिनिटांच्या, म्हणजे १५०. पहिली केस अर्धा तास उशिरा सुरू झाली. एकूण ४५०, उरली ३०. सातवी केस बसत नाही. पहिली केस वेळेवर घेतली तर ६० मिनिटं उरतात, पण सातवीला तिच्या आधीची अदलाबदल धरून ७५ लागतात, म्हणजे तरीही नाही. अदलाबदल २० मिनिटांवर आणली की उशीर तसाच राहूनही सातवी बसते. सर्जनच्या उशिरावरून रोज कुरकुर करणारे दोन केसेसमधल्या वेळेकडे बघत नाहीत, ते यासाठी सांगितलं.

तिथे वेळ खातं कोण? बहुधा फरशी पुसणारा मावशी-मामा नाही, तर इन्स्ट्रुमेंटचा सेट. एकच सेट असेल तर पुढची केस ऑटोक्लेव्हची, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या मशिनची, वाट बघत बसते. १३४ अंश सेल्सिअसला वाफ ३-४ मिनिटंच धरायची असते हे खरं, पण धुणं, पॅक करणं, सुकवणं, थंड होऊ देणं धरलं तर तासाच्या पुढे जातं. घाईत सुकवण्याचा टप्पा गाळू नका, दुसरा सेट घ्या.

लिस्टचा क्रमही तपासा. लहान मुलं आणि मधुमेहाचे पेशंट सकाळी. पाठीतून भूल दिलेले पेशंटही सकाळीच, कारण पाय हलायला आणि लघवी व्हायला वेळ लागतो. नुसतं जागेवर बधिर करून होणाऱ्या केसेस शेवटी. याच्या उलट केलं की ओटी पाचला बंद होते आणि दोन सिस्टर रात्री आठपर्यंत एका पेशंटसाठी थांबतात.

घरी सोडण्याचा निकष चुकतो

भूल किती उतरली हे मोजणारा अल्ड्रेट स्कोअर १० पैकी ९ झाला, सोडा घरी! हे फार ठिकाणी चालतं. तो स्कोअर हालचाल, श्वास, रक्तदाब, शुद्धी आणि ऑक्सिजन बघतो. पेशंटला भूल उतरण्याच्या पहिल्या टप्प्यातून बाहेर काढण्यासाठी तो आहे. घरी सोडताना चालता येतं का, वेदना, उलटी आणि रक्तस्राव किती, हे बघणारा स्कोअर वेगळा आहे, पॅड्स. त्यातही १० पैकी किमान ९ हवेत. ग्लासगोच्या जेम्स निकोलनी १९०९ मध्ये, भरती न करता केलेल्या मुलांच्या सुमारे नऊ हजार शस्त्रक्रियांचा अहवाल दिला, तेव्हाही घरची परिस्थिती नीट हवी यावर त्यांचा भर होता. आपण मात्र सोबत आलेल्या माणसाची सही घेतो आणि रात्री घरी कोण असेल हे विचारत नाही.

केसेस वाढल्या, शिल्लक नाही

महिन्याच्या एकूण आकड्यावर विसंबू नका, प्रत्येक प्रकारच्या केसचा खर्च वेगळा काढा. इम्प्लांटच्या (शरीरात बसवायच्या कृत्रिम भागाच्या) केसमध्ये बिल मोठं दिसतं, पण विमा कंपनीच्या पॅकेजमध्येच इम्प्लांट धरलेलं असेल तर सेंटर पदरचे घालतं. तारीख देण्याआधी हे विचारायचं. सर्जनच्या आवडीच्या सामानाची यादीही जुनी झालेली असते: तीन वर्षांपूर्वी मागितलेली सुई दर केसला उघडली जाते आणि न वापरता टाकली जाते. ओटीतल्या सिस्टरला विचारा, ती एका दमात पाच वस्तू सांगेल.

आता ब्लॉकबद्दल, म्हणजे एका सर्जनसाठी राखून ठेवलेल्या ओटीच्या वेळेबद्दल, थोडं. सर्जनला मंगळवार दिला, तो अर्धाच वापरतो, पण सोडतही नाही. आठवडाभर आधी नावं आली नाहीत तर वेळ इतरांसाठी खुली, हा नियम लेखी ठेवा आणि भागीदार सर्जनलाही लावा. भागीदारालाच सूट दिली की बाकीचे तो नियम दोन महिन्यांत विसरतात.

रिकामा ब्लॉक भरायचा म्हणून झोपेत श्वास अडकणारा, उपचार न घेतलेला पेशंट मात्र घेऊ नका. भूलतज्ज्ञ ‘नको’ म्हणाला की विषय संपला. त्याला समजवायला मॅनेजरने ओटीत जायचं नाही.