महायुद्धात बुडालेल्या जहाजावरच्या खलाशाचा माग कसा काढावा

कोकणातल्या कितीतरी घरांत ‘आजोबा दुसऱ्या महायुद्धात बोटीबरोबर गेले’ एवढीच माहिती उरलेली असते. शोध नावापासून सुरू करू नका. आधी बोट पक्की करा. कारकुनाने ऐकून इंग्रजीत उतरवलेल्या नावावर भरवसा ठेवता येत नाही. आडनाव गळते, आणि एकाच बोटीवर चार इब्राहिम निघतात.

जुनी सीडीसी (खलाशाच्या नोकरीची नोंदवही), मनिऑर्डरची पावती किंवा कंपनीची तार हाती लागली, तर बोटीचे नाव मिळते. मग लॉइड्स रजिस्टर या जहाजांच्या वार्षिक नोंदवहीच्या त्या वर्षीच्या खंडातून तिचा ऑफिशियल नंबर टिपून घ्या. एकाच नावाच्या अनेक बोटी असत, नंबर मात्र एकीचाच. लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये बीटी 381 या मालिकेतल्या खलाशांच्या याद्या याच नंबराने लावल्या आहेत. बीटी 389 मधल्या कार्डांवर बोटीने घेतलेली बंदरे आणि तारखा दिसतात. वाचलेल्या अधिकाऱ्यांचे जबाब एडीएम 199 मध्ये आहेत. टॉर्पेडो कुठे लागला, किती होड्या उतरल्या हे त्यांतून कळते. आपले खलाशी मात्र त्यांत बहुधा नुसता आकडा असतात.

आता कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या युद्धमृतांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर जा. लंडनच्या टॉवर हिल या व्यापारी खलाशांच्या स्मारकात शोधत बसू नका. समुद्रातच मरण आलेले भारतीय खलाशी मुंबई-चितगाव 1939–1945 स्मारकाच्या नामावलीत आहेत. नावाचा रकाना कोराच ठेवून स्मारक आणि तारीख भरा. हुद्दे सारंग, टंडेल, कसाब, भंडारी, टोपास असेच रोमन लिपीत येतात, बॉयलरची भट्टी सांभाळणारा आगवाला मात्र ‘फायरमन’ होतो. बापाचे नाव आणि गाव जुळले तरच माणूस आपला धरा.

तारीख एक दिवस मागे-पुढे करूनही पाहा. ‘सिटी ऑफ बनारस’ 17 सप्टेंबर 1940 च्या रात्री बुडाली, पण टॉर्पेडो मारणाऱ्या यू-48 या पाणबुडीच्या जर्मन घड्याळात 18 तारीख लागली होती. तिची बारा नंबरची होडी तर आठ दिवसांनी सापडली. होडीत दगावलेल्याची तारीख बोट बुडाल्यानंतरची असू शकते.

नामावलीत नाव नाहीच? मग तो किनाऱ्यावर, इस्पितळात वारला असेल; अशांची नोंद दफनभूमीच्या नावाखाली सापडते. किंवा कैद झाला असेल. ‘अटलांटिस’, ‘पिंग्विन’ या जर्मन जहाजांनी हिंदी महासागरात पकडलेल्या बोटींवरचे लोक कैदेत गेले, आणि जर्मनीतल्या मिलाग नॉर्ड छावणीत भारतीय खलाशीही होते. त्यासाठी जिनिव्हाच्या रेडक्रॉसकडे अर्ज करावा लागतो.