जड गाडीचं इंजिन ऑइल: या चुका टाळा

"सगळ्यात चांगलं ऑइल कोणतं, भाऊ?" नागपूरजवळच्या वाडीतल्या गॅरेजांत हा प्रश्न रोज येतो. विचारणारा बहुतेक वेळा नवा मालक असतो. पहिलीच गाडी, तीही फायनान्सवर, हप्ता डोक्यावर. आणि गाडी साधीसुधी नसते. ट्रेलर ओढणारा ५५३० मॉडेलचा ट्रक म्हणजे माल धरून ५५ टन वजन आणि ३०० अश्वशक्ती. सहा सिलेंडरांतून एवढी ताकद काढणारं इंजिन ऑइलच्या बाबतीत हयगय खपवून घेत नाही. जुन्या गाड्या मिळेल ते ऑइल पचवायच्या. त्याच सवयी घेऊन लोक बीएस-६, म्हणजे धुराचे नवे कडक नियम पाळणाऱ्या, गाडीजवळ येतात आणि तिथंच घात होतो.

कंपनीचं नाव विचारण्याआधी गाडीचं पुस्तक उघडा. ते दरवाजाच्या कप्प्यात प्लॅस्टिकमध्येच पडलेलं असतं. दोन पानं वाचायची आहेत. तेवढाही धीर नसेल तर लाखोंची गाडी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

फक्त किलोमीटर बघून ऑइल बदलणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून हिच्यावर जास्त बोलतो.

पुस्तकात ऑइल बदलीचे दोन तक्ते असतात. एक हायवेवर एका चालीत धावणाऱ्या गाडीचा, तो किलोमीटरमध्ये. दुसरा टिपर, खाण, क्रशर अशा कामाचा, तो बहुधा तासांमध्ये. शोरूममध्ये सांगतात तो आकडा पहिल्या तक्त्यातला, कारण तो मोठा असतो आणि ऐकायला गोड लागतो.

उमरेडकडे कोळशावर चालणारा एक टिपर माझ्याकडे आला होता. मालकाचा आधी रायपूर लाइनला ट्रेलर होता. तिथं चाळीस हजारांवर ऑइल बदलायचा, कधी त्रास नाही. तोच हिशोब त्यानं टिपरला लावला. "बारा हजार तर झाले अजून, ऑइल कशाले बदलू?" असं तो म्हणायचा. मग एक दिवस इंजिनातून खालून ठोके ऐकू यायला लागले आणि ऑइल प्रेशरचा दिवा अधूनमधून लुकलुकायला लागला. डायवर दोन खेपा तशाच मारून आला होता.

मी आधी डिस्प्लेवर इंजिनाचे तास काढले. मालकानं ते बटण कधी दाबलंच नव्हतं. गेल्या बदलीपासून नऊशे तासांच्या वर गाडी चालली होती. खेप लहान, पण लोडिंगच्या रांगेत इंजिन चालू, वजनकाट्यावर चालू, हौदाचा जॅक उचलताना चालू, आणि मे महिना म्हणून एसीसाठी तर दिवसभरच चालू. एक तास म्हणजे ढोबळमानानं ४० ते ५० किलोमीटर धरतात. नऊशे गुणिले पंचेचाळीस केलं की चाळीस हजारांच्या वर जातं. म्हणजे हायवेचा तक्ता धरला तरी ऑइलची मुदत संपली होती, आणि काम तर हायवेचं नव्हतंच.

चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, उतरवलं तर तळाला काळा गाळ बसलेला, ऑइल ओढणाऱ्या जाळीचा अर्धा भाग त्यानं झाकलेला. क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मेन बेअरिंगांवरचा राखाडी थर जाऊन खालचं तांबं उघडं पडलं होतं. क्रँकवर नखाला लागेल अशी रेघ होती. क्रँक ग्राइंडिंगला गेली, बेअरिंगं नवी आली, पंप बदलला. त्या काळात गाडी उभी आणि हप्ता चालू. एका वेळच्या ऑइलचे पैसे वाचवले, त्याच्या कितीतरी पट गेले.

उभ्या गाडीत रिकामं चालणारं इंजिन आराम करतंय असं डायवरला वाटतं. खरं म्हणजे त्या वेळी सिलेंडर पुरेसा तापत नाही, डिझेल नीट जळत नाही, काजळी आणि कच्चं डिझेल पिस्टनच्या रिंगांच्या बाजूनं खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइलही इतकं गरम होत नाही की त्यातला ओलावा उडून जाईल. किलोमीटरचा काटा जागेवर आणि ऑइल मात्र संपत चाललेलं. याउलट समृद्धीवर भरल्या गाडीनं ऐंशीच्या आत एका चालीत जाणारं इंजिन ऑइलला कमी छळतं. म्हणून दोघांना एक आकडा लावता येत नाही.

माझी सवय अशी आहे: ऑइल बदललं की पेंट मार्करनं फिल्टरच्या अंगावर किलोमीटर आणि तास दोन्ही लिहितो. वहीत लिहिलेलं हरवतं, फिल्टर कुठं जात नाही. टिपरला मी तासांवरच चालतो, आणि धुळीचं काम असेल तर पुस्तकात आहे त्याच्याही आधी बदलतो. रांगेत पाच मिनिटांच्या वर थांबायचं असेल तर इंजिन बंद, हे डायवरला सांगून ठेवा. उन्हात बसलेल्या माणसाला हे सांगणं सोपं नाही, मला कळतं. मग निदान तास तरी मोजा.

पाच-सात गाड्या असतील तर उतरवलेल्या ऑइलचा नमुना लॅबला पाठवत जा. लोखंड वाढलं तर झीज, तांबं-शिसं वाढलं तर बेअरिंग, सिलिकॉन वाढलं तर हवेच्या पाइपातून कुठून तरी धूळ आत जातेय, आणि अल्कधर्मीपणाचा आकडा, ज्याला टीबीएन म्हणतात, तो खाली आला तर ऑइलची आम्ल मारण्याची ताकद संपत आलीय. असे दोन-चार अहवाल हातात असल्याशिवाय मुदत वाढवू नका. "सिंथेटिक टाकलं, आता दुप्पट चालते" हे मी रोज ऐकतो. सिंथेटिक उष्णता चांगली सोसतं, मान्य. पण त्यात पडणारी काजळी आणि धूळ तेवढीच असते.

एकच गाडी असेल तर जुना फिल्टर कापा. आरीनं नका कापू, लोखंडाचा कीस आत पडतो आणि तुम्हीच घाबरता. कटरनं वरची कड काढायची, आतला कागद चाकूनं सोडवायचा, बाकात, म्हणजे व्हाइसमध्ये, दाबून ऑइल निथळू द्यायचं आणि मग एकेक घडी उन्हात उलगडून पाहायची. काळं असणारच. त्यात पिवळट-तांबूस चमक दिसली की चेंबर उतरवायची वेळ आली. हे काम पंधरा मिनिटांचं आहे, पण कोणी करत नाही.

ऑइल मोजायच्या काडीवर ऑइल वाढलं म्हणून खूश होणं

"मिस्त्री, आपली गाडी ऑइल पितच नाही. उलट थोडं वाढल्यासारखं वाटते." हे सांगताना डायवरच्या चेहऱ्यावर समाधान असतं. माझ्या पोटात गोळा येतो.

चेंबरमध्ये ऑइल आपोआप वाढत नाही. दुसरं काहीतरी त्यात येतंय. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि बहुतेक जड गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ आला. तो भरला की गाडी स्वतःच तो तापवून आतली काजळी जाळते. यालाच रिजन म्हणतात. काही इंजिनांत त्यासाठी सिलेंडरमध्ये उशिरानं जास्तीचं डिझेल सोडलं जातं. त्यातलं थोडं सिलेंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये मिसळतं. रिजन पूर्ण झालं तर हे प्रमाण आवाक्यात राहतं. पण बुटीबोरीतल्या बुटीबोरीत चार-सहा किलोमीटरच्या खेपा मारणारी गाडी रिजन सुरू झालं की बंद होते, परत सुरू, परत बंद. वर डायवरला दिव्याचा आणि वाढलेल्या आवाजाचा वैताग, म्हणून तो रिजन थांबवायचं बटण दाबूनच ठेवतो. प्रत्येक अर्धवट रिजन ऑइलमध्ये डिझेल टाकून जातं. काही गाड्यांत सायलेन्सरकडच्या पाइपातच डिझेल सोडणारं वेगळं नोजल असतं, तिथं हा त्रास होत नाही. पण मग ऑइल वाढत असेल तर इंजिनाचं नोजल गळतंय का, डिझेल पंपाचं सील गेलंय का, हे बघावं लागतं.

डिझेल मिसळलेलं ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगवरचा ऑइलचा पापुद्रा टिकत नाही. काडीचा वास घ्या, डिझेल लपत नाही. टिपकागदावर एक थेंब सोडून तासाभरानं बघा. मधे काळा डाग आणि भोवती फिकट तेलकट कडं पसरलं असेल तर शंका पक्की. ऑइल दुधाळ झालं असेल तर ते डिझेल नाही, बहुधा कूलंट आहे. मग गाडी सुरूच करायची नाही, टोचन लावून आणायची.

लोक यावर उपाय काय करतात? वरचं दोन लिटर काढून टाकतात आणि काडीवरची खूण बरोबर करतात. अशानं काडी बरोबर दिसते, ऑइल पातळच राहतं. सगळं ऑइल फिल्टरसकट बदला, कारण शोधा, आणि रिजनचा दिवा लागला की गाडीला अर्धा तास मोकळा रस्ता द्या. तेही जमत नसेल तर मोकळ्या जागी, सुक्या गवतापासून दूर उभी करून रिजन पूर्ण करून घ्या.

काडी पाहायची ती सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, सपाट जागी, आणि रोज त्याच जागी. ढाब्यावरच्या उतारावर, नुकत्याच बंद केलेल्या गाडीची काडी काहीही सांगते.

बादलीवर फक्त १५डब्ल्यू-४० वाचणं

हा आकडा फक्त घट्टपणा सांगतो. खरी ओळख, म्हणजे दर्जाची खूण, त्याच्या शेजारी बारीक अक्षरात असते: एपीआय सीआय-४, सीके-४ वगैरे. डीपीएफ असलेल्या गाडीला कमी राखेचं, म्हणजे जळल्यावर कमी राख सोडणारं, ऑइल लागतं. सीके-४ मध्ये राखेची मर्यादा एक टक्का आहे, सीआय-४ ला तशी मर्यादा नाही. काजळी रिजनमध्ये जळते, राख जळत नाही. ती डीपीएफमध्ये साचत जाते, गाडीची ओढ कमी होते, रिजन वारंवार लागतं, आणि शेवटी डीपीएफ काढून साफ करावा किंवा बदलावा लागतो. त्याचा भाव विचारून या, मग बादलीमागे वाचवलेले पाचशे-हजार रुपये किती ते कळेल.

दारात जुन्या-नव्या दोन्ही गाड्या असतील तर एकच सीके-४ ठेवा. सीआय-४ सांगितलेल्या जुन्या गाडीला ते चालतं. उलटं चालत नाही. टॉपअपलाही तेच. "एक लिटरनं काय होते" म्हणत दुकानात मिळेल ते ओतू नका. एफए-४ लिहिलेली बादली पुस्तकात नाव असल्याशिवाय उचलू नका. ते वेगळ्या, पातळ ऑइलच्या इंजिनांसाठी आहे.

बाकीच्या चुका

नागपूरचा उन्हाळा ४५-४६ चा, म्हणून २०डब्ल्यू-५० टाकणं. गरम इंजिनात ऑइलचं तापमान तसंही शंभराच्या आसपास असतं, बाहेरच्या पाच अंशांनी त्याला फरक पडत नाही. गाडी तापत असेल तर रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कचरा काढा.

ऑइल काळं झालं म्हणून घाईनं बदलणं. डिझेलचं ऑइल दोन-चार दिवसांतच काळं होतं. काजळी अंगावर घेऊन ती बसू न देणं हेच त्याचं काम.

"थोडं जास्त असलेलं बरं" म्हणून वरच्या खुणेच्या वर भरणं. क्रँक त्यात आपटते, फेस होतो, आणि पंप फेस ओढतो.

ऑइलमध्ये वरून बाटलीतलं औषध टाकणं. चांगल्या ऑइलमध्ये जे लागतं ते आधीच आहे. पैसे फुकट.

सिवनीकडचा कुरई घाट भरल्या गाडीनं चढून आलं की लगेच चावी फिरवणं. इंजिनात हवा कोंबणारा टर्बो तेव्हा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेत फिरलेला असतो आणि त्याच्या बेअरिंगला ऑइल इंजिन चालू असेपर्यंतच मिळतं. दोन-तीन मिनिटं रिकामं चालू द्या, मग बंद करा. रांगेत तासभर चालू ठेवणारा डायवर इथं दोन मिनिटं थांबत नाही, याचा मला खरोखर राग येतो.

ऑइल नवं, फिल्टर जुना. असं करणाऱ्याला मी काम नाकारतो. नवा फिल्टर लावताना जुनं रबर बैठकीला चिकटून राहिलंय का ते बोट फिरवून बघा. दोन रबरं एकावर एक बसली की हायवेवर प्रेशरनं सगळं ऑइल बाहेर येतं. चेंबरच्या बोल्टाचा तांब्याचा वायसरही दरवेळी नवा.

हवेचा फिल्टर चाकावर आपटून झटकणं. कागदाला एक चीर पडली की धूळ थेट आत जाते आणि मग कोणतंही ऑइल रिंगांना वाचवत नाही.

बिलाशिवाय, भावापेक्षा बरीच स्वस्त बादली घेणं. बनावट ऑइल खऱ्याच बादलीत येतं, कारण रिकाम्या बादल्यांना चांगला भाव आहे. सील, बॅच नंबर आणि तारीख बघून घ्या. ऑइल ओतून झालं की बादलीच्या बुडाला मी स्क्रूड्रायव्हरनं भोक पाडतो आणि लेबल फाडतो. भंगारवाला दोन रुपये कमी देतो, देऊ दे.

उतरवलेलं ऑइल नालीत ओतू नका, सेंट्रिंगवाल्यांनाही देऊ नका. ते घातक कचऱ्यात मोडतं. ड्रममध्ये साठवा आणि नोंदणी असलेल्या रिसायकलरलाच द्या. पैसेही मिळतात. ड्रमचं झाकण मात्र पावसाळ्यात बंद ठेवा, पाणी गेलं की रिसायकलर तो उचलायला तयार होत नाही.