लॅपटॉप सुरू होईना, पण फायली हाती लागल्या

पडद्यावर विंडोजचं चिन्ह, खाली गोल गोल फिरणारे ठिपके, आणि पुढे काहीच नाही. अर्धा तास वाट पाहून बायोस (विंडोजच्याही आधी चालणारा लॅपटॉपचा मूळ सेटिंगचा पडदा) उघडला. हार्ड डिस्क यादीत दिसत होती, एवढाच दिलासा.

सगळ्यात आधी हात शिवशिवले ते चेक डिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन, चालवायला. नशीब, आवरले! ते दुरुस्तीच्या नावाखाली आजारी डिस्कवरच लिहीत सुटतं. त्याऐवजी दुसऱ्या मशीनवर पेन ड्राइव्हमध्ये लिनक्स टाकलं आणि त्यावरून लॅपटॉप सुरू केला. स्मार्ट अहवालात (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) ‘करंट पेंडिंग सेक्टर’समोर, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या जागांसमोर, शून्याऐवजी ३१२. म्हणजे डिस्कच निकामी होत चालली होती. (आतून टकटक आवाज येत असता तर यातलं काहीही न करता लगेच बंद करून जाणकाराकडे नेली असती.)

मग डीडीरेस्क्यू, बिघडत्या डिस्कवरून माहिती उचलणारा प्रोग्राम. डिस्कपेक्षा मोठी बाह्य डिस्क जोडून तिच्यावर पूर्ण प्रतिमा, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी नक्कल, घेतली. पहिल्या फेरीत ते खराब जागा सोडून चांगला भाग उचलतं, नंतर उरलेल्या जागांशी झटापट. मॅप फाइल (कुठलं वाचून झालं, कुठलं राहिलं याची नोंद) मात्र द्यायलाच हवी. रात्री एकदा वीज गेली, तेव्हा तिच्यामुळेच काम थांबलं तिथून पुढे सुरू झालं.

प्रतिमा उघडली तर बिटलॉकरचं, म्हणजे विंडोज डिस्कवरची माहिती सांकेतिक करून ठेवतं त्याचं, कुलूप! ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडली तेव्हा जीव भांड्यात पडला. फोटो सगळे आले. दोन व्हिडिओ मध्येच अडकतात, ते सोडून दिले.